परातींची भिंत

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

मशीन आली. भीती वाटते असं घरात म्हटलं की बायको आणि मुलगी दोघीही हसतात, म्हणून आजपासून इथे लिहून ठेवणार. वही वैभवीची जुनी पॉलिटेक्निकची आहे, मागची पानं कोरी निघाली.

सत्तावीस वर्षं मी स्टीलच्या भांड्यांवर नावं टाकली. इतवारीतल्या एका मोठ्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर माझा स्टूल, हातात थरथरणारं विजेचं पेन आणि पुढ्यात कोणाच्या तरी रुखवताची चळत. 'मामा-मामीकडून सप्रेम भेट' हे मी झोपेतही लिहीन. दिवाळीआधी त्या दुकानात लेझरची मशीन बसली आणि मालक म्हणाले, "कृष्णकांतभाऊ, आता आराम करा." खरं तर अलीकडे पेनापेक्षा माझा हातच जास्त थरथरतो. वैभवी म्हणाली, आपणच मशीन घेऊ, सक्करदऱ्याला घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकू. तिची आई कामिनी लगेच हो म्हणाली. मला हो म्हणायला आठ दिवस लागले.

वैभवी आमची एकुलती एक. रेल्वेत सहायक ड्रायव्हरच्या भरतीत लेखी परीक्षा पास झाली आहे, आता मेडिकल राहिलं. त्यात डोळे बिनचष्म्याचे आणि पक्के लागतात. तिचे आहेत. सुईत दोरा ती चालता चालता ओवते. मेडिकल होईपर्यंत ती दुकानात मला मदत करणार आहे, आणि मला भीती वाटते ती नेमकी तिथेच.

लकडगंजचा सुशील मशीन लावून गेला. मशीन उघडीच आहे, एक खांब, त्याला लोंबणारं डोकं आणि खाली भांडं ठेवायला टेबल. आधी भांड्यावर लाल उजेडाची चौकट पडते, म्हणजे नाव कुठे येणार ते कळतं. मग लाल विझते आणि नाव आपोआप उमटतं. मी विचारलं, "याच्यानं काही होत तं नाही नं?"

"काका, टेन्शन काहून घेता? लाल लाईट लागली की तिकडे पाहाचं नाही. विझली की बिनधास्त."

हिरव्या काचांचा एक चष्मा देऊन गेला. एकच.

५ नोव्हेंबर

शेजारच्या कांताबाई मशीन बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. म्हणाल्या, "लेझर म्हणजे एक्स-रेच होय भाऊ. पोरीले त्याच्यापाशी बसवू नका. लग्न व्हायचं आहे अजून तिचं, पोटात किरणं गेले म्हणजे?"

त्या गेल्या आणि माझी पाचावर धारण बसली. दिवसभर वैभवीच्या पोटाकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. शेवटी मी तिला सांगून टाकलं. ती हसली. "बाबा, हा एक्स-रे नव्हे. उजेड होय निसता. त्याच्यानं पोटाले काही होत नाही." उजेडानं कधी स्टीलवर नाव उमटतं का? पण पोरीनं डिप्लोमा केला आहे आणि मी दहावी नापास, तेव्हा मान डोलावली.

हिरवा चष्मा तिला दिला. मी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा शोधून काढला. काळा म्हणजे हिरव्यापेक्षा जास्तच अडवत असणार.

९ नोव्हेंबर

आज भीतीवर तोड सापडली. मागे माझ्या छातीचा फोटो काढला होता तेव्हा त्या खोलीचं दार पत्र्याचं, चांगलं जड होतं. किरणं धातूनं अडतात, एवढं तर मलाही कळतं. आणि माझ्या घरात धातूची काय कमी! माळ्यावरून लग्नाच्या पंगतीच्या तीन मोठ्या पराती काढल्या. राखेनं, मग कपड्यानं अशा घासल्या की तोंड दिसावं. एक मशीनच्या मागे, दोन दोन्ही बाजूंना, तारेनं बांधून उभ्या केल्या. आतली खोलगट बाजू मशीनकडे, म्हणजे किरणं तिथल्या तिथेच राहतील. चौथी बाजू माझी, तिथे बसल्याशिवाय काम होत नाही.

वैभवीचा कॉम्प्युटर मशीनला लागून होता. तो उचलून थेट दाराजवळ नेला, माझ्या स्टुलामागे दहा फुटांवर. आमच्या खोलीत याहून लांब जागा नाही. हिरव्या चष्म्यातून स्क्रीन नीट दिसत नाही अशी तिची कुरकुर होतीच. एवढ्या लांब तिला चष्म्याची गरज नाही. तो मी घेतला. काळ्यातून मला अक्षरं दिसत नव्हती.

"दुकान आहे का मंडप बाबा हा?" वैभवी म्हणाली. मी तार आवळत राहिलो तेव्हा म्हणाली, "ठेवा. तुमच्या जिवाले शांती भेटते तं ठेवा."

शांती मिळाली खरी. आज दुपारी दोन तास झोपलो.

१६ नोव्हेंबर

लग्नसराई सुरू झाली, काम भरपूर. मी अक्षर कागदावर काढतो, वैभवी ते कॉम्प्युटरवर चढवते, मशीन टाकते. माझे बाबा विणकर होते. ते म्हणत, धाग्यावरून नजर हटली की पातळ बिघडलं. मीही प्रत्येक अक्षर उमटताना नाक लावून बघतो.

एक शिस्त घालून दिली आहे. लाल लागली की मी "लाल" म्हणतो, वैभवी लगेच मान खाली घालते. विझली की "हं" म्हणतो, ती मान वर करून नाव बरोबर येतं आहे का ते बघते. एकदाही चुकली नाही. माझ्या भीतीला ती हसते, पण ऐकते.

२५ नोव्हेंबर

वैभवीच्या खुर्चीच्या पाठीवर, काळ्या रेक्झिनवर, तिळाएवढे दोन जळके डाग पडले आहेत. सकाळी ती चहा करायला आत गेली होती तेव्हा त्या खुर्चीशी एक गिऱ्हाईक बिडी घेऊन उभं होतं. त्याला मी बरंच बोललो. तो शेवटपर्यंत म्हणत होता की त्याची बिडी पेटलेलीच नव्हती. लोक तोंडावर खोटं बोलतात. दुकानात बिडी-सिगारेट बंद अशी पाटी लावली.

९ डिसेंबर

विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे रस्ते बंद, गिऱ्हाइकं वळसे घेऊन वैतागून येतात. तरी येतात. संक्रांतीच्या वाणाच्या वाट्या सुरू झाल्या. वाटी म्हणजे त्रासाचं काम, कारण ती गोल आणि गुळगुळीत असते. सपाट ताटासारखी एका जागी बसत नाही. दर वाटीला मी ती थोडी वळवून बघतो.

वैभवीचे केस जास्त गळतात का, हे मी रोज तिच्या कंगव्यात बघतो. तिला माहीत नाही. अजून तरी नेहमीएवढेच आहेत.

१३ डिसेंबर

आज वैभवी काम करता करता एकदम थांबली. म्हणाली, "बाबा, काहीतरी फटकन चमकलं." मी विचारलं, लाल? म्हणाली, नाही, पांढरं, आणि आता मधात काळं काळं दिसून राहिलं. तेव्हा लाल विझलेली होती, मी "हं" म्हणालो होतो, म्हणजे लेझरचा काही संबंध नाही. तिला घोटभर पाणी दिलं. सकाळपासून ती उपाशी होती.

"दुखते का वं?"

"नाही."

"पाणी येते?"

"नाही बाबा. काही नाही होत."

डोळ्याला खरंच काही झालं असतं तर माणूस कळवळला असता. मिरचीचा हात लागला तरी आपण घर डोक्यावर घेतो.

१७ डिसेंबर

वैभवी पुस्तक तिरपं धरून वाचते. काल सुईत दोरा ओवायला तिला चार वेळा लागले, आणि मग तिनं सुई गुपचूप कामिनीकडे दिली. कामिनी म्हणाली, "मोबाईल पाहून पाहून डोळे खराब करून राहिली हे पोरगी. मेडिकल आहे तुयं, समजते का?" आणि गाजरं आणली.

मीही रागावलो. मोबाईल काढून कपाटात ठेवला. तिनं वाद घातला नाही, याची मला जास्त भीती वाटली.

२० डिसेंबर, शनिवार

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

उमरेडचे रुपराव सर आले होते. शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. बायकोच्या पंचाहत्तरीची ताटं घेऊन आले. मशीन चालू होती. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि पराती दिसल्याबरोबर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पयले बंद करा ते."

मी बंद केली. बटण खरंच बंद झालं का, हे त्यांनी दोनदा विचारलं आणि मगच वळले.

"ह्या पराती कायले लावल्या?"

"किरणं अडवाले, सर."

"भाऊ, आरसे लावले तुम्ही हे. तेही खोलगट." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. लाल उजेड फक्त खूण दाखवायला असतो. काम करतो तो उजेड डोळ्याला दिसतच नाही, आणि लाल विझल्यावर तोच चालू असतो. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. डोळ्यातलं भिंग त्याला गोळा करून मागच्या पडद्यावर एका टोकाएवढ्या जागी आणतं. त्या पडद्याला दुखणं माहीत नाही.

"पण सर, दहा फूट दूर..."

"टॉर्चसारखा पसरून कमी होणारा उजेड नव्हे हा. गोल वाटीवरून उडाला तं कुठंही जाते. अन् थोडा पसरलाच, तं तुमची परात त्याले गोळा करून परत पाठवते."

मग त्यांनी माझा हिरवा चष्मा हातात घेऊन काडीवरचे बारीक आकडे वाचले. "हा चष्मा एकदम बरोबर आहे. याच मशीनसाठीचा आहे. हा कोणाच्या डोळ्यावर राहाचा?"

मी म्हटलं, "माझ्या."

त्यांनी दाराकडे, वैभवीच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीच्या पाठीवरचे डाग त्यांना दिसले. मी बिडीचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यांनी वैभवीला वर्तमानपत्राच्या मथळ्याकडे बघायला सांगितलं, एक डोळा झाकून. उजवा झाकला, तिनं सगळं वाचलं. डावा झाकला.

"सर, मधलं नाही."

"मधलं काय नाही, बेटा?"

"जिथं पाहतो नं मी, तेच नाही. आजूबाजूचं आहे."

कामिनी भाजीला गेली होती. ती यायच्या आत वैभवीनं पराती उचलून माळ्यावर टाकल्या. मी स्टुलावर बसून राहिलो.

२२ डिसेंबर

सदरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. यंत्रात हनुवटी ठेवून तिच्या पडद्याचा फोटो काढला. उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या बरोब्बर मधोमध, जिथून आपण वाचतो आणि माणूस ओळखतो तिथे, जखम आहे. थोडं रक्त साचलं आहे, ते जिरलं तर थोडं सुधारेल. तीन महिने थांबून बघायचं. पूर्वीसारखं होईल का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "खोटी आशा देणार नाही."

त्यांनी विचारलं की संरक्षणाचा चष्मा नव्हता का. मी श्वास घेतला तोवर वैभवी म्हणाली, "होता मॅडम. मीच लावत नव्हती."

कामिनी आमच्या शेजारीच बसली होती. बाहेर आल्यावर रिक्षात ती वैभवीला घरापर्यंत बोलत राहिली. चष्मा दिला होता बापानं, एवढं भेऊन भेऊन दिला होता, लावता येत नव्हता तुले? वैभवी खाली मान घालून ऐकत होती. मी रस्त्याकडे बघत होतो. मी भित्रा आहे हे मला माहीत होतं. इतका, हे माहीत नव्हतं.

३० डिसेंबर

मशीनवर चादर टाकली आहे. रुपराव सरांचा फोन आला होता, की मशीन वाईट नाही, तिला बंद पेटी बसवा आणि खोलीत असेल त्या प्रत्येकाला तोच चष्मा द्या. मी हो म्हटलं. चादर काढवत नाही. वाणाच्या वाट्या पेनानं करतो आहे, अक्षरं वाकडी येतात, बायका काही म्हणत नाहीत.

रोज सकाळी मी दारामागे उभं राहून एकेक डोळा झाकतो आणि कॅलेंडर वाचतो. दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. एकादशी, प्रदोष, सगळं दिसतं. असं करताना देवाकडे जे मागतो ते इथेही लिहवत नाही.

कामिनी वैभवीशी तुटक बोलते. मी रोज ठरवतो की आज सांगायचं. मग ती पोळी वाढते आणि मी खातो.

१० जानेवारी २०२६

मेडिकलचं पत्र आलं. २७ तारीख.

वैभवीनं पत्र घडी करून ठेवलं आणि संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, डोळे तपासाच्या तक्त्यावरची अक्षरं काढून द्याल का? मोठी ते बारीक. जे जे तक्ते राहतात ते सगळे. मी पाठ करतो."

मी ड्रॉइंगचा कागद आणला आणि बसलो. माझा हात आज थरथरला नाही.

१९ जानेवारी

चार तक्ते तिला पाठ झाले. डावा डोळा झाकून भराभर म्हणते. मान जराशी वळवून बाजूनं बघायचीही युक्ती तिला साधली आहे. मी परीक्षा घेतो. चुकली की चक् करतो, बरोबर आली की मान हलवतो.

ती पास झाली तर मला कोणाला काही सांगावं लागणार नाही. हा विचार माझाच आहे, दुसऱ्या कोणी मनात घातलेला नाही. तिच्या गाडीत हजार माणसं बसतील, हेही मला कळतं. तरी मी तक्ते घेतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस मीच पाळून ठेवला आहे.

२७ जानेवारी

दोघंच गेलो. ती आत, मी बाहेर बाकावर. आतून नावं पुकारत होते. मी देवाला म्हणत होतो की तक्ता त्या चारांतलाच निघू दे.

चाळीस मिनिटांनी ती आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"कोणता होता?"

"दुसरा. तुम्ही काढला होता तोच."

"मग?"

"डाव्यानं वाचला. उजव्याले म्हटलं, मधलं दिसत नाही." ती माझ्या शेजारी बसली. "म्हणत होती मी बाबा. पहिली ओळ म्हटली बी. मग त्या डॉक्टरनं पेन ठेवला अन् म्हणे, बेटा, आरामात. एवढं चांगलं बोलला तो. मले नाही झालं."

ड्रायव्हरच्या नोकरीत ती बसत नाही. कागदावर तसं लिहून दिलं. मला आधी राग आला, तिचाच. स्टँडपर्यंत तो होता. मग तो कुठे गेला कळलं नाही आणि नुसती शरम उरली.

घरी कामिनी दारातच उभी होती. कागद वाचला आणि वैभवीकडे वळून म्हणाली, "एक चष्मा लावला असता..."

"चष्मा माझ्या डोळ्यावर होता," मी म्हटलं.

कसं निघालं तोंडातून माहीत नाही. मग थांबताच येईना. चष्मा मीच काढून घेतला. पराती मीच घासल्या. दाराजवळ मीच बसवलं. लाल विझली की वर बघ असं मीच सांगितलं. डॉक्टरांसमोर ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी पाच आठवडे तिला बोलणी खाऊ दिली. वैभवी मध्ये "जाऊ द्या नं बाबा" म्हणाली, तरी मी सगळं सांगितलं.

कामिनी खाली बसली. हातातला कागद घडी करत म्हणाली, "इतके भेत होते तुम्ही. मग कोणाले एकदा विचाराचं तरी होतं."

मी कांताबाईंचं ऐकलं, सुशीलचं ऐकलं, आणि घरात डिप्लोमावाली पोरगी असून तिला धड विचारलं नाही. ती हसेल म्हणून.

कामिनीनं वैभवीला जवळ घेतलं. माझ्याशी बोलली नाही, पण पान वाढलं. मी एका भिंतीशी, त्या दोघी समोरच्या भिंतीशी, असे जेवायला बसलो. दोन घास झाले तेव्हा वैभवीनं डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"का पाहून राहिली वं?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुमचे कान दिसतात, बाबा. खांदे दिसतात."

मी खाली बघून वरणभात कालवत राहिलो.